परदेशी संस्थेसोबत ट्रॉमातल्या मुलांसाठी निवासी घर काढायचंय? मग आधी हे वाचा

दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. गावाकडं जमीन पडून आहे, भाचा अमेरिकेत सेटल आहे, तिकडची एक संस्था मदत करायला तयार आहे, आणि अत्याचार सोसलेल्या, घर तुटलेल्या मुलांसाठी काहीतरी उभं करायचंय, तर बांधकाम कधी सुरू करू? मी महाराष्ट्रात अशा कामाच्या सरकारी फाइली पण सांभाळल्यात आणि परदेशी पार्टनरसोबतचे रात्रीचे कॉल पण, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बांधकामाचा नंबर बराच खाली लागतो, हे आत्ताच सांगून टाकतो.

आणि हे साध्या बालगृहाबद्दल नाहीये. जेवण, कपडे, शाळा एवढं देणारी घरं आपल्याकडं आहेत. इथं विषय आहे तो अशा मुलांचा, जी तीन ठिकाणांहून पळून आलीत, रात्री झोपत नाहीत, कुणी जवळ आलं की चावतात नाहीतर अनोळखी माणसाच्या पण गळ्यात पडतात. अशा मुलांसाठी राहणं हाच उपचार असावा लागतो.

पायरी १: घराची गरज आहे का, हे तुम्ही एकटे ठरवू नका

बाल न्याय कायदा २०१५ मध्ये तत्त्व म्हणूनच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली पर्यायी संगोपनाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली त्यातही हेच आहे, आणि परदेशातले बरेच देणगीदार आता 'अनाथाश्रम' म्हटलं की हात आखडता घेतात ते त्यामुळंच. म्हणजे तुम्हाला दोन्हीकडं उत्तर द्यावं लागणार आहे की हे मूल आजीकडं, मावशीकडं किंवा पालक कुटुंबात का नाही राहू शकत. आपल्याकडं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात, कितीतरी मुलं तेवढ्या आधारावर नातेवाइकांकडं राहू शकतात. अशा मुलाला उचलून तुमच्या घरात आणलंत तर त्याचं नुकसानच केलंत.

तर पहिली भेट जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, दुसरी जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तिसरी बालकल्याण समिती. समितीला विचारा की कुठली मुलं तुम्हाला कुठं पाठवावीत ते कळत नाही, कुठली मुलं एका बालगृहातून दुसऱ्यात फिरत राहतात. त्या उत्तरातून तुमचं घर कुणासाठी ते ठरेल. मुलं की मुली, वयोगट कुठला, हे पण इथंच ठरतं. मोठ्या वयाच्या मुलामुलींची घरं वेगळी लागतात त्यामुळं भावंडं तुटतात, तेव्हा जवळपास दुसरं घर कुठलं आहे तेही विचारून घ्या.

इथला सापळा: "आमच्या गावातच चार मुलं आहेत, त्यांना घेऊन सुरू करतो." चालत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल २४ तासांच्या आत समितीपुढं हजर करावं लागतं आणि कुठं ठेवायचं ते समिती ठरवते. आईनं स्वतः आणून सोडलं, सरपंचांनी चिठ्ठी दिली, काहीही असो, समितीच्या आदेशाशिवाय मूल ठेवून घ्यायचं नाही.

पायरी २: संस्था कागदावर नीट उभी करा

यावर जास्त लिहीत नाही, कुठलाही चांगला सीए सांगेल. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी केली की महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली पण नोंदणी होते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस तुमच्या आयुष्यात आलंच. नाहीतर सेक्शन ८ कंपनी. मग पॅन, १२एबी आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सरकारच्या एनजीओ दर्पण पोर्टलचा नंबर. संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांत 'बालकांची निवासी काळजी, मानसिक आरोग्य आणि पुनर्वसन' स्पष्ट लिहा. नंतर उद्देशात बदल करायला गेलात तर किती वेळ जातो ते ज्यांनी धर्मादाय आयुक्तांकडं चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, भरलाय त्यांना विचारा.

पायरी ३: पार्टनर निवडताना पैशाच्या आधी हे विचारा

परदेशात या कामाची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शहरातली मुलं खेड्यात हलवली, त्यातली काही कुठल्याच घरात टिकेनात, आणि त्या अनुभवातून १९४८ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये बार्बरा डॉकर-ड्रायस्डेल बाईंनी मलबेरी बुश ही शाळा काढली, ती अजून चालू आहे. ऑस्ट्रियात १९४९ ला हर्मन ग्माइनर यांनी एसओएस बालग्राम सुरू केलं, एका घरात एक 'आई' आणि थोडी मुलं अशी रचना. त्याच संस्थेनं आपल्याकडं १९९३ च्या भूकंपानंतर लातूरला बालग्राम उभं केलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचं निवासी काळजीचं 'केअर' मॉडेल आणि मुलाचा भडका उडाला तर काय करायचं याचं 'टीसीआय' प्रशिक्षण आहे. सँड्रा ब्लूम यांचं 'सँक्चुअरी' मॉडेल आहे, ते मुलांआधी स्टाफ आणि संस्थेच्या वागण्यापासून सुरू होतं. मला स्वतःला हे शेवटचं सगळ्यात पटतं पण राबवायला तेच सगळ्यात अवघड, कारण त्यात साहेब लोकांना पण बदलावं लागतं.

पार्टनरला विचारायचे प्रश्न:

- तुम्ही दर महिन्याला आमच्या स्टाफचं सुपरव्हिजन करणार का, म्हणजे त्यांच्यासोबत बसून कामातल्या अडचणी आणि मनातलं बोलून घेणार का, किमान दोन वर्षं? की एक आठवड्याची कार्यशाळा घेऊन फोटो काढून जाणार?
- प्रशिक्षण फक्त मॅनेजर आणि सायकोलॉजिस्टला, की रात्रपाळीला मुलं सांभाळणाऱ्या मावशींना पण?
- तुमच्या मॉडेलला लायसन्स फी आहे का, दरवर्षी आहे का, आणि मराठीत केलेलं साहित्य कुणाच्या मालकीचं?
- तुमच्याकडं एका मोठ्या माणसामागं किती मुलं असतात? आम्हाला तेवढी माणसं परवडली नाहीत तर मॉडेलमधलं काय सोडायचं आणि काय सोडायचंच नाही?
- पैसे थांबणार असतील तर किती महिने आधी सांगाल?

चौथ्या प्रश्नावर जो पार्टनर गप्प होतो किंवा ब्रोशर पुढं करतो त्याच्यासोबत फार पुढं जाऊ नका. जो म्हणतो "येऊन बघतो, महिनाभर तुमच्या लोकांसोबत बसतो, मग बोलू" त्याला धरून ठेवा.

एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, साधा ठेवा पण त्यात एक वाक्य हवंच: मुलांबद्दलचे सगळे निर्णय भारतीय कायद्यानुसार, बालकल्याण समिती आणि स्थानिक टीम घेईल. हे वाक्य नसलं की मुलाला घरी पाठवायचं का यावर लंडनहून ईमेल यायला लागतात.

पायरी ४: पैसा, म्हणजे एफसीआरए

इथंच निम्मी घरं अडकतात. परदेशी योगदान नियमन कायदा २०१० (हाच एफसीआरए) आणि त्यातली २०२० ची दुरुस्ती, दोन्ही नीट समजून घ्या.

नोंदणी हवी असेल तर संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च केलेली असावी लागते. फॉर्म एफसी-३ए. नवीन संस्थेला हे जमत नाही, तिच्यासाठी 'पूर्वपरवानगी', फॉर्म एफसी-३बी, म्हणजे ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रक्कम ठरावीक कामासाठी. त्याला देणगीदाराचं लेखी कमिटमेंट लेटर आणि प्रोजेक्ट रिपोर्ट जोडावा लागतो. यात एक अट लोक हमखास विसरतात. देणारा माणूस स्वतः तुमच्या संस्थेचा पदाधिकारी असू शकत नाही, आणि कार्यकारिणीतले किमान ७५ टक्के लोक त्याच्या घरचे किंवा जवळचे नातेवाईक नसलेले असावेत. देणारी संस्था असेल तर तिच्या सदस्य-कर्मचाऱ्यांबद्दल तशीच अट. आता आपल्याकडची पद्धत बघा: काका न्यू जर्सीत, काकाच अध्यक्ष, काकू खजिनदार, पुतण्या सचिव. ही फाइल तिथंच संपली.

दुसरा गोंधळ पासपोर्टचा. भाचा अमेरिकेत राहतो पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी योगदान धरत नाहीत. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, की तोच पैसा परदेशी. पुण्यात येऊन त्यानं रुपयांत चेक फाडला तरी परदेशीच. महाराष्ट्र मंडळांनी तिकडं कार्यक्रम करून जमवलेला निधी पण तसाच. प्रत्येक देणगीदाराच्या पासपोर्टची कॉपी फाइलला लावून ठेवा, लोकांना राग येतो, येऊ दे.

बाकीचे नियम पटकन सांगतो. सगळा परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवा, दिल्लीला जायला लागत नाही, जवळच्या स्टेट बँकेतून प्रक्रिया होते. तिथून तुमच्या वापराच्या खात्यात वळवता येतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. मावशी, समुपदेशक यांचे पगार थेट कामाचे म्हणून धरता येतात, ऑफिसचं भाडं आणि अकाउंटंट नाही, पण हे हेड पहिल्याच दिवशी सीएसोबत बसून पाडा, मार्चमध्ये पाडू नका. आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही, तिला एफसीआरए असला तरी नाही. त्यामुळं "अमुक मोठ्या संस्थेच्या खात्यातून आम्हाला फिरवून मिळेल" असं कुणी म्हणालं तर हात जोडा. वार्षिक रिटर्न एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत, पैसा शून्य आला तरी. नोंदणी पाच वर्षांची, नूतनीकरणाची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि निदान सहा महिन्यांचे पगार निघतील एवढा देशी पैसा बाजूला असल्याशिवाय पहिलं मूल घेऊ नका.

पायरी ५: बालगृहाची नोंदणी

बाल न्याय कायद्याचं कलम ४१. सरकारी अनुदान घ्या किंवा नका घेऊ, नोंदणी लागतेच. नोंदणीशिवाय चालवलं तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडून वर पुण्याच्या आयुक्तालयाकडं जातो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस पण लागते. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, त्यावर मुलांची क्षमता लिहिलेली असते.

फाइलमध्ये साधारण हे लागतं:

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, दर्पण नंबर, घर चालवायचा ठराव
- तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि कामाचे अहवाल
- जागेची मालकी किंवा नोंदणीकृत भाडेकरार, मंजूर नकाशा
- अग्निशमनची एनओसी, इमारत मजबूत असल्याचं आणि स्वच्छतेचं प्रमाणपत्र, स्वयंपाकघराचा अन्न परवाना
- स्टाफची यादी, शिक्षणाचे दाखले, प्रत्येकाची पोलिस पडताळणी, गुन्हा नसल्याचं प्रतिज्ञापत्र
- बालसंरक्षण धोरण, सगळ्यांच्या सहीसह

जागेचं गणित नियमांत दिलंय, झोपायच्या खोलीत मुलामागं ४० चौरस फूट. पण ती सगळी मापं पन्नास मुलांच्या संस्थेसाठी काढलेली, आणि स्टाफचा तक्ता शंभर मुलांसाठी. तुम्हाला तर दहा-बारा मुलंच हवीत, त्यापेक्षा जास्त मुलांमध्ये हे काम होत नाही असं माझं ठाम मत आहे. क्षमता कमी मागायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त अधिकारी विचारतील "एवढ्या मोठ्या जागेत दहाच?", तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कारण लिहिलेलं असू दे, तोंडी समजावत बसू नका. तपासणी समिती तीन महिन्यांतून एकदा तरी येते, तिला पाहुणे समजून रांगोळी काढू नका, रोजचं रजिस्टर दाखवा.

पायरी ६: मावशी

आता खरं काम. परदेशी पाहुणे आले की त्यांना समुपदेशनाची खोली दाखवतात, वाळूचा ट्रे, बाहुल्या, भिंतीवर रंगीत चित्रं. मूल तिथं आठवड्यातून एक तास असतं. उरलेला सगळा वेळ ते मावशींसोबत असतं. अंघोळ, जेवण, झोप, शाळेची बॅग भरणं, या चार जागी मुलाचं जुनं सगळं वर येतं. ज्या मुलीवर अंधारात अत्याचार झालेत तिला साडेनऊला लाइट बंद म्हणजे शिस्त वाटत नाही. जो मुलगा उपाशी राहिलाय तो चपाती उशीखाली लपवणार. मावशीनं ती सगळ्यांसमोर काढून दाखवली तर महिन्याचं काम गेलं. तिनं त्याला एक झाकणाचा डबा दिला आणि "रात्री भूक लागली तर यात ठेव, मुंग्या लागणार नाहीत" म्हटलं, तर ते कुठल्याही थेरपीच्या तासाइतकंच मोलाचं.

म्हणून बजेटमध्ये पहिला चांगला पगार मावशी आणि दादांचा ठेवा. आठवड्याची सुट्टी खरी द्या. सलग चोवीस तास ड्युटी लावू नका, थकलेला माणूस ओरडतोच. पाळी बदलताना पंधरा मिनिटं एकत्र बसायचं: कोण रडलं, कुणाला घरचा फोन आला, कोण जेवलं नाही. वहीत लिहायचं, लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवायचं, पण फोन संस्थेचा, स्वतःचा नाही.

पार्टनरचं सुपरव्हिजन इथंच वापरायचं. इंग्लंड आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे, म्हणजे मुलं शाळेत असताना आपल्या दुपारी दोनला तिकडं सकाळ असते, ती वेळ पकडा. मध्ये मराठी बोलणारा दुभाष्या बसवा, आणि तो संस्थेचा मॅनेजर नसावा, कारण साहेबांसमोर मावशी "सगळं छान चाललंय" एवढंच म्हणतात. पहिले काही महिने कुणी बोलणारच नाही. मग एक दिवस एखादी सांगते की त्या पोराचा मला राग येतो, हात उचलावासा वाटतो. तिथून सुपरव्हिजन सुरू झालं समजा. तिला ओरडू नका, पण नियम सगळ्यांना माहीत हवा: संस्थेत मारहाण हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे.

परदेशी साहित्यातली उदाहरणं तशीच्या तशी वापरू नका. तिकडं प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली गृहीत धरतात, आपल्याकडं एकटं झोपवलं की काही मुलं जास्त घाबरतात. तिकडच्या ट्रेनिंगमध्ये ख्रिसमसच्या सुट्टीचा ताण असतो, इथं तो दिवाळीत येतो, कोण घरी जाणार, कुणाला न्यायला कुणीच नाही, वर फटाक्यांचे आवाज. विसर्जनाच्या मिरवणुकीचा ढोल काही मुलांना सहन होत नाही. पार्टनरला हे तुम्हीच सांगायचं, वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसा त्यांच्यासोबत.

पायरी ७: उपचार आणि कायदा जिथं एकत्र येतात

सायकोलॉजिस्ट नेमताना 'क्लिनिकल' म्हणवणाऱ्याची पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी बघा. मुलांचे सायकियाट्रिस्ट जवळ नसले तर जिल्हा रुग्णालयाशी लेखी सोय करा. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतला 'संवाद' हा उपक्रम नेमकं अशाच मुलांसोबत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो, परदेशी तज्ज्ञ शोधायच्या आधी तिकडं विचारा. आणि मानसिक आजाराच्या उपचारासाठीच मुलं भरती करणार असाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली वेगळी नोंदणी लागू शकते, वकिलाचं मत लेखी घ्या.

सगळ्यात मोठा घोळ पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा. मूल थेरपीत बोललं की अमक्यानं असं केलं, तर कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक, लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. परदेशी थेरपिस्टना गोपनीयतेचे त्यांच्याकडचे नियम पाठ असतात, त्यामुळं "आधी मुलाचा विश्वास बसू दे, मग बघू" असा सल्ला कॉलवर येऊ शकतो. तो ऐकता येत नाही. कोण कळवणार, मुलासोबत कोण जाणार, कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री कोण ड्युटीवर असणार, हे लिहून ठेवा. मुलाला पण पहिल्याच दिवशी त्याच्या भाषेत सांगा की काही गोष्टी आम्हाला पुढं सांगाव्या लागतात.

पायरी ८: पाहुणे, व्हिसा, फोटो

परदेशी स्वयंसेवक ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, बिनपगारी काम करू शकतो. त्याहून लांब राहायचं असेल तर एनजीओत काम करायची नोंद असलेला एम्प्लॉयमेंट व्हिसा. पण व्हिसा मिळतो म्हणून मुलांसोबत ठेवायचं असं नाही. तीन आठवडे लाड करून निघून जाणारा गोरा दादा म्हणजे आधीच सोडून दिलेल्या मुलाला अजून एकदा सोडून देणं. स्वयंसेवकांना स्टाफसोबत बसवा, अकाउंट्स, बाग, ट्रेनिंग काहीही द्या. मुलांसोबत फक्त तोच, जो परत परत येणार आहे आणि ज्याची त्याच्या देशातली पोलिस तपासणी झालीय.

फोटो नाही. चेहरा ब्लर करून पण नको, गावातल्या माणसाला फ्रॉकवरून मूल ओळखू येतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणगीदाराला मुलांनी काढलेली चित्रं पाठवा, नाव न लिहिता, आणि मुलाला विचारून. सुपरव्हिजनसाठी जाणाऱ्या केस नोट्समध्ये नाव, गाव, शाळा काढून टाका, व्हॉट्सअॅपवर तर काहीच नको.

पायरी ९: मूल जाणार कुठं, हे आल्या दिवशीच लिहा

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो एकमेकांचा कॉपी-पेस्ट असतो, "शिक्षण देणे, संस्कार करणे". तुमच्याकडं त्यात हे असू दे की घरी परत जायला काय काय बदलायला हवं, आईला कोण भेटतंय, किती दिवसांनी, आणि घर शक्यच नसेल तर दुसरं कोण. १८ पूर्ण झाल्यावर अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय २१ पर्यंत असते, तिचा अर्ज सतराव्या वर्षीच तयार ठेवा, वाढदिवसानंतर नाही. आधार, जातीचा दाखला, बँक खातं, शाळा सोडल्याचा दाखला, ही कागदं मूल आल्यापासून एका फोल्डरमध्ये जमवत राहा, आणि जाताना तो फोल्डर त्याच्याच हातात द्या, झेरॉक्स तुमच्याकडं.